गिरणगावातील कामगार संघ आणि मतदानाच्या आवाहनाची निःपक्षता

मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास बहुधा संपांच्या अनुक्रमाने लिहिला गेला आहे. १९२८, १९३४, १९४०, १९५०, १९७४ आणि १९८२ हे त्यातील ठळक टप्पे होत, आणि अभ्यासकांचे लक्ष त्यांवर खिळून राहावे हे स्वाभाविकही आहे. परंतु दोन संपांच्या मधल्या काळात संघ चालत होते, वर्गणी गोळा होत होती, कार्यकारिणी बदलत होती, किंवा बदलत नव्हती. संघाचे नेतृत्व कोणी आणि कोणत्या रीतीने निवडले ह्या प्रश्नास इतिहासग्रंथांतून फार तर एखाद्या परिच्छेदाची जागा मिळते. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो तर बहुतेक अस्पर्शितच राहिला आहे. मतदानास या, असे कामगारास कोणी सांगितले? ते कोठे, कोणत्या वेळी आणि कोणत्या यादीवरून सांगितले? आणि सांगणारा इसम स्वतःच एखाद्या उमेदवाराचा माणूस नव्हता याची हमी काय होती?

हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ‘येत्या रविवारी निवडणूक आहे, सर्व सभासदांनी मत द्यावे’ ह्या वाक्यात पक्षपात तो काय असावयाचा? वाक्यात तो नसतोच. तेच वाक्य केवळ एका खात्यातील कामगारांस ऐकविले, किंवा ज्यांची वर्गणी थकली आहे अशा विरोधकांस थकबाकीची आठवण न देता केवळ आपल्या बाजूच्यांस दिली, तर एकही शब्द न बदलता ते आवाहन एका पक्षाचे होते. निःपक्षतेचा विचार करताना आपण शब्दांकडे पाहतो. मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव मात्र असे दाखवितो की, तिचा निर्णय शब्दांपेक्षा फळा, यादी आणि वेळ ह्या तीन गोष्टींवर होत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रारंभ यादीपासूनच करावा लागतो, कारण यादीशिवाय मतदार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हॅंड्स असोसिएशन’चा उल्लेख हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना म्हणून नेहमी केला जातो. तथापि १८९२ च्या कारखानेविषयक सरकारी अहवालात ह्या संस्थेस सभासदांची नोंदवही नाही, निधी नाही व नियमही नाहीत, अशा आशयाची नोंद आहे. लोखंडे हे आपणाकडे येणाऱ्या कोणाही कामगाराचे विनावेतन सल्लागार होते. हे त्यांच्या मोठेपणास उणे आणणारे नव्हे. परंतु ज्या संस्थेस यादी नाही तिच्यात नेतृत्वाची निवड हा प्रश्नच उद्भवत नाही; सभेला जमलेला समुदाय हीच तिची मतपेटी. गिरणगावात पुढे दीर्घकाळ टिकलेली एक समजूत येथेच रुजली असावी, असे मला वाटते. ती अशी की, मैदानावर किती माणसे जमली यावरून पुढाऱ्याचा अधिकार ठरतो.

१९२६ च्या हिंदी कामगार संघ कायद्याने प्रथमच यादी सक्तीची केली. नोंदणी हवी असणाऱ्या संघाच्या नियमांत सभासदांची यादी ठेवण्याची आणि ती पदाधिकाऱ्यांस व सभासदांस पाहावयास मिळण्याची तरतूद असली पाहिजे, असे त्याच्या सहाव्या कलमात सांगितले होते. त्याच कलमात कार्यकारिणीच्या सभासदांबद्दल जो शब्द वापरला होता तो मात्र लक्षणीय आहे. पदाधिकारी कसे ‘नेमले’ जातील व कसे दूर केले जातील हे नियमांत असावे, एवढेच कायद्याचे म्हणणे होते. ‘निवडले’ जातील हा शब्द तेथे येण्यास २००१ ची दुरुस्ती उजाडावी लागली. तीन वर्षांहून अधिक मुदत असू नये ही मर्यादाही त्याच दुरुस्तीने घातली. म्हणजे पाऊणशे वर्षे कायद्याच्या दृष्टीने संघाचे नेतृत्व ही नेमणुकीची बाब होती. निवडणुकीची सूचना कोणी काढावी, किती दिवस आधी काढावी, ती सर्वांपर्यंत पोचली हे कोणी पाहावे, यांविषयी कायदा मौन धारण करून होता.

कायदा अमलात आला तेव्हा गिरणगावात दोन प्रकारच्या संघटना होत्या. एक नारायण मल्हार जोशी व र. रा. बखले यांची १९२६ मधील ‘बॉम्बे टेक्सटाइल लेबर युनियन’. तिची मुळे गिरगावातील भारत सेवक समाजाच्या आणि सामाजिक सेवासंघाच्या कार्यपद्धतीत होती. वर्गणी, पावती, हिशेब, इतिवृत्त यांविषयी ती काटेकोर होती. दुसरी कामगारांतून वर आलेल्या अर्जुन आत्माराम आळवे, मयेकर आदींची गिरणी कामगार महामंडळ ही संघटना. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात ह्या दुसऱ्या प्रवाहातून आणि कामकरी-शेतकरी पक्षाच्या डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर या कार्यकर्त्यांच्या सहभागातून मुंबई गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संप चालू असतानाच, मे १९२८ मध्ये, तिची नोंदणी झाली. नोंदणीच्या वेळी तिचे सभासद ३२४ होते. वर्ष संपता संपता तो आकडा ५४,००० वर गेला.

ह्या वाढीचा अर्थ आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सात महिन्यांत चोपन्न हजार माणसांची नावे, त्यांचे खाते, गिरणी व वर्गणी यांची विश्वसनीय यादी करणे त्या काळच्या कोणत्याही कचेरीस जड गेले असते. युनियनने त्यावर काढलेला मार्ग म्हणजे गिरणी समित्या. प्रत्येक गिरणीतील निरनिराळ्या खात्यांतून कामगारांचे प्रतिनिधी घेऊन ह्या समित्या बनविल्या गेल्या, आणि वर्गणी गोळा करणे, तक्रारी वर नेणे, सभेची वर्दी देणे ही सर्व कामे त्यांजकडे आली. लोकशाहीच्या दृष्टीने हा प्रयोग त्या काळी असामान्य होता. परंतु त्यात एक अडचण आपोआप शिरली. वर्गणी घेणारा, यादी ठेवणारा, मतदानाची वर्दी देणारा आणि स्वतः निवडून येणारा इसम हा एकच होता. ह्या समित्यांत निवडणुकीची पद्धत स्थिरावण्यापूर्वीच २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्याच्या अटकांत युनियनचे अध्यक्ष आळवे, कासले आणि वर उल्लेखिलेले बहुतेक नेते पकडले गेले. पुढील महिन्यात सुरू झालेला संप फसला, आणि सभासदसंख्या जशी वाढली तशीच ओसरली.

आता फळ्याविषयी. गिरणीत सूचना पोचविण्याचे मार्ग कोणते होते? पहिला मार्ग जॉबरचा. कामगाराची भरती, बदली, खाडा, कर्ज, राहण्याची सोय या सर्वांत जॉबरचा हात असे. वाइंडिंग व रिळिंग खात्यांतील स्त्रियांवर नायकिणीचा असाच अंमल चाले. १९२०-३० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत स्त्रिया सुमारे पंचमांश होत्या, आणि त्यांच्या कानावर काय जावे व काय जाऊ नये हे बऱ्याच अंशी नायकिणीच्या मर्जीवर अवलंबून राही. १९३५ पासून बदली नियंत्रणाची पद्धत आल्यावर जॉबरची सत्ता कमी होऊ लागली, तरी निरोप पोचविणारा म्हणून त्याचे स्थान लगेच गेले नाही. दुसरा मार्ग गिरणीच्या दरवाजावरील सभेचा. पाळी सुटताना किंवा भरताना दरवाजावर जे ऐकू येई ते ऐकणाऱ्यांत त्या पाळीचे कामगार असत. सकाळच्या पाळीस सांगितलेले रात्रपाळीस पोचेलच असे नाही. तिसरा मार्ग वस्तीचा. चाळीतील मंडळ, खानावळ, गावकऱ्यांचा गाळा, व्यायामशाळा, भजनी मंडळ यांतून बातमी फिरे. रत्नागिरीकडील माणसांचे गाळे निराळे, साताऱ्याकडील घाटावरच्यांचे निराळे, मदनपुऱ्यातील उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती निराळी, तेलुगु पद्मशाळींची आणखी निराळी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांस तर विटाळाच्या सबबीवर साचेखात्यात प्रवेशच नसे; साचेखात्यातील कार्यकर्त्याने आपल्या खात्यात दिलेली वर्दी त्यांच्यापर्यंत आपोआप जाण्याचे कारण नव्हते. चौथा मार्ग म्हणजे नाक्यावरचा फळा. परळ, लालबाग, नायगाव येथील नाक्यांवर पक्षांचे व संघटनांचे वार्ताफलक असत, आणि त्यांवर खडूने लिहिलेला मजकूर सकाळी कामावर जाणारा माणूस उभ्याउभ्या वाचून घेई. ज्यास वाचता येत नसे त्यास शेजारचा वाचून दाखवी. आणि वाचून दाखविताना स्वतःचा अभिप्राय त्यात मिसळणार नाही असा शेजारी गिरणगावातच काय, कोठेही दुर्मिळच.

ह्या चारही मार्गांत एकही निःपक्ष मार्ग नाही, हे उघड आहे. ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. सर्व कामगारांपर्यंत पोचण्याची शक्ती ज्यांजवळ होती त्या प्रत्येकाचा निवडणुकीत काही ना काही हितसंबंध होता, एवढेच त्याचे कारण. तारखेचेही तसेच. शिमग्याला किंवा मे महिन्यात कोकणातील कामगार मोठ्या संख्येने गावी जात. ह्या दिवसांत मतदान ठेवले तर आवाहन कितीही सभ्य भाषेत असले तरी त्याचा परिणाम काय होईल हे सांगण्यास पंचांग पुरेसे होते.

यानंतर कायद्याने फळ्याची मालकीच ठरवून टाकली. १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह कायद्याने संघांच्या प्रतवाऱ्या लावल्या आणि त्यांत मालकाच्या मान्यतेस महत्त्व दिले. ज्या संघास मालकाची मान्यता आहे त्यास थोड्या सभासदांवर नोंदणी मिळावी, आणि ज्यास ती नाही त्यास पुष्कळ अधिक सभासद दाखवावे लागावेत, ह्या भेदावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत कठोर टीका केली होती. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप केला. त्या दिवसाची सभा परळच्या कामगार मैदानावर झाली. ह्या संपाची आठवण बहुधा संपाच्या हक्कावरील निर्बंधांच्या संदर्भात काढली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कामगारांचा प्रतिनिधी कोण हे ठरविण्यात मालकाच्या शब्दास वजन असावे काय, हा प्रश्नही त्या विरोधात होता.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकाच्या मान्यतेचे महत्त्व कमी करून सभासदसंख्या हाच निकष पुढे आणला. एका क्षेत्रातील एका उद्योगात आरंभी १५ टक्के आणि पुढे २५ टक्के कामगार ज्याचे सभासद असतील तो ‘प्रातिनिधिक संघ’ होय, आणि वाटाघाटींत त्याचेच म्हणणे सर्व कामगारांचे म्हणणे समजावयाचे. सभासदसंख्येची छाननी निबंधकाने करावयाची. मुंबईच्या कापडधंद्यात हे स्थान गं. द. आंबेकर यांच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघास मिळाले, आणि ते त्याने अनेक दशके राखले. कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने ‘मान्य’ संघाच्या पदाधिकाऱ्यांस काही हक्क दिले. पगार जेथे वाटला जातो त्या जागेत वर्गणी गोळा करता यावी, गिरणीच्या आवारात संघाचा सूचनाफलक लावता यावा, आवारात कामगारांशी बोलता यावे, हे ते हक्क होत. अधिकृत संघास काम करता यावे हा त्यामागील हेतू होता आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु वर सांगितलेल्या परिस्थितीत ह्याचा परिणाम असा झाला की, गिरणीच्या आतला फळा आणि पगाराची खिडकी एका संघाकडे गेली, व नाक्यावरचा फळा इतरांकडे राहिला. प्रातिनिधिक संघास बाजूस सारू पाहणाऱ्या संघाने त्याच्याहून अधिक सभासद दाखवावयाचे असत. म्हणजे आव्हान देणाऱ्याने दरवाजाबाहेर, उन्हात, पाळी सुटण्याच्या पाच-दहा मिनिटांत पावत्या फाडून पगाराच्या खिडकीशी स्पर्धा करावयाची.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. ह्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमात ‘मान्य’ संघाने पाळावयाच्या अटी दिल्या आहेत, आणि त्यांतील एक अशी की, समेटाचे सर्व मार्ग संपल्यावाचून आणि सभासदांच्या बहुमताने मतपत्रिकेद्वारा संपास अनुकूल कौल दिल्यावाचून संघाने संपास पाठिंबा देऊ नये. कायद्यास मतपत्रिका ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. काम थांबविण्यासाठी ती आवश्यक मानली. आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरविण्यासाठी ती मानली नाही. तेथे वर्गणीची पावती हीच मतपत्रिका, आणि वर्गणी गोळा करणाराची हाक हेच मतदानाचे आवाहन. असे आवाहन निःपक्ष असणे शक्यच नव्हते, कारण पावतीवर एकाच संघाचे नाव छापलेले असते.

पावतीची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद केवळ सत्तेचा नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. इंटकच्या विचारसरणीचे लोक असे म्हणत की, गुप्त मतदानात क्षणिक आवेशाला आणि अवास्तव आश्वासनांना वाव मिळतो; दरमहा स्वतःच्या खिशातून वर्गणी देणारा माणूस जी निष्ठा दाखवितो ती एका दिवशी चिठ्ठी टाकणाऱ्यात असेलच असे नाही. अहमदाबादच्या मजूर महाजनाचा अनुभव त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आयटक आणि हिंद मजदूर सभा यांचे म्हणणे उलट होते. वर्गणीच्या नोंदी फुगविता येतात, आणि मालकाच्या आवारात गोळा होणारी वर्गणी ही निष्ठेपेक्षा भीड दाखविते, असे ते म्हणत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला मात्र पहिल्या बाजूचा युक्तिवाद एका ठिकाणी लंगडा वाटतो. निष्ठेची किंमत वर्गणीने मोजावयाची असेल तर ती वर्गणी मागण्याची संधी सर्व संघांस सारखी हवी होती, आणि ती कधीच नव्हती.

१९५८ च्या मे महिन्यात नैनिताल येथील भारतीय श्रम परिषदेत शिस्तसंहिता मान्य झाली, तीतही संघाच्या मान्यतेसाठी सभासदसंख्येच्या पडताळणीचाच मार्ग स्वीकारला गेला. १९६६ ते १९६९ ह्या काळात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगापुढे हा वाद पुन्हा सविस्तर आला. ते ह्याच काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. आयोगाने कोणत्याही एका पद्धतीस कौल न देता, पडताळणी करावी की गुप्त मतदान घ्यावे हे प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगाने प्रकरण पाहून ठरवावे, असे सुचविले. ही तडजोड होती, आणि तिचे भवितव्य तडजोडींचे बहुधा होते तेच झाले.

मतपेटी नसल्यामुळे गिरणगावात प्रातिनिधिकतेचा निर्णय दुसऱ्या मार्गाने होत राहिला. १४ ऑगस्ट १९५० रोजी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी पुकारलेला संप त्रेसष्ट दिवस चालला आणि त्यात दोन लाखांहून अधिक कामगार उतरले. मिल मजदूर सभा प्रातिनिधिक संघ नव्हती. १९७४ च्या आरंभी डांगे यांच्या नेतृत्वाखालील संप बेचाळीस दिवस चालला; त्यांची युनियनही प्रातिनिधिक नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची एकाधिकारी मान्यता जावी ही मागणी त्या संपाच्या केंद्रस्थानी होती. तीनदा गिरण्यांच्या भोंग्यांनी असे दाखविले की, निबंधकाच्या वहीतील बहुमत आणि रस्त्यावरील बहुमत वेगळे आहे. संपात सामील होणे हेच येथे मत देणे झाले होते, आणि त्या मताची किंमत महिनोन्‌महिन्यांच्या पगाराने मोजावी लागली. १९८२ चा संप औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. गिरणधंद्याच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत आणि त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत होय; परंतु एका दिवसाच्या गुप्त मतदानाने जे विचारता आले असते ते वर्ष-दीड वर्षाच्या उपासमारीने विचारले गेले, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

कापडधंद्याबाहेरील बहुतेक उद्योगांसाठी महाराष्ट्राने निराळा मार्ग धरला. महाराष्ट्र कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम १९७१ मध्ये संमत झाला व ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. मान्यतेचा निकष येथेही सभासदसंख्याच राहिला. सहा महिने तीस टक्के सभासद असल्याविना संघास अर्ज करता येत नसे. तथापि त्याच्या अनुसूचींत आपल्या विषयास भिडणारी काही वाक्ये आली. मान्यता नसलेल्या अनेक संघांपैकी एकास मालकाने झुकते माप देणे ही अनुचित प्रथा ठरली. संघटना उभी राहत असताना तिचे प्रयत्न दुबळे करण्याच्या हेतूने नेमक्या वेळी पगारवाढ देणे हीही अनुचित प्रथा ठरली. संघाने सामील होण्यासाठी किंवा न होण्यासाठी कामगारावर दबाव आणणे हेही त्यात आले. म्हणजे मालकाने काय बोलू नये आणि प्रतिस्पर्धी संघाने काय करू नये हे कायद्याने प्रथमच तपशिलाने सांगितले. एक व्यक्ती मात्र राहून गेली, ती म्हणजे संघातील विद्यमान पदाधिकारी. स्वतःच्या निवडणुकीची सूचना तोच काढणार, यादी त्याच्याच कपाटात, आणि संघाचे मुखपत्रही त्याच्याच हाती.

मुखपत्राचा उल्लेख आला म्हणून थोडे बाहेर पाहणे उपयुक्त होईल. अमेरिकेत संघांतर्गत कारभाराविषयी १९५९ मध्ये जो कायदा झाला, आणि जो लॅंड्रम व ग्रिफिन यांच्या नावाने ओळखला जातो, त्याने हा प्रश्न थेट हातात घेतला. निवडणुकीची सूचना किमान पंधरा दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या घरच्या पत्त्यावर टपालाने गेली पाहिजे. सभासदांच्या यादीचा उपयोग एका उमेदवारास मिळाला तर तो दुसऱ्यासही मिळाला पाहिजे. संघाचा अथवा मालकाचा पैसा कोणाही उमेदवाराच्या प्रचारास लागता कामा नये. सूचना काढणे आणि उमेदवारांशी संबंध नसलेली वस्तुस्थिती सांगणे यांसाठी मात्र तो वापरता येईल. ही शेवटची रेषा म्हणजे निःपक्ष आवाहनाची कायदेशीर व्याख्याच होय. केवळ रेषा आखून भागत नाही हेही तेथेच दिसून आले. डिसेंबर १९६९ मध्ये खाण कामगारांच्या संघाच्या अध्यक्षपदासाठी टोनी बॉइल यांच्याविरुद्ध जोसेफ याब्लॉन्स्की उभे राहिले. संघाचे मुखपत्र बॉइल यांच्या स्तुतीने भरलेले होते आणि ते न्यायालयापुढे गेले. निवडणुकीनंतर थोड्याच दिवसांत याब्लॉन्स्की, त्यांची पत्नी व कन्या यांचा खून झाला, आणि त्याबद्दल पुढे बॉइल दोषी ठरले. निवडणूक १९७२ मध्ये न्यायालयाने रद्द केली. फेरनिवडणूक सरकारी देखरेखीखाली झाली, तीत बॉइल पराभूत झाले.

घरच्या पत्त्यावर टपाल ही अमेरिकन तरतूद गिरणगावास जशीच्या तशी लागू पडली नसती, हेही खरे. एका गाळ्यात वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, आणि कामगाराचा कायमचा पत्ता म्हणून गिरणीच्या दफ्तरी बहुधा कोकणातले किंवा घाटावरचे गाव असे. टपाल तेथे गेले असते आणि सभासद परळला राहिला असता. येथे निःपक्षतेचे साधन निराळेच असावयास हवे होते. संपूर्ण यादी आधीच भिंतीवर लागावी, तीवर हरकती घेता याव्यात, वर्गणीची थकबाकी भरण्याची मुदत सर्वांस एकाच वेळी व एकाच नोटिशीने कळावी, सर्व पाळ्यांस पुरेल इतका वेळ मतदान चालावे, आणि सूचना मराठीबरोबरच हिंदी, उर्दू व तेलुगु भाषांत निघावी. ह्यांत बुद्धीस न पेलणारे असे काहीच नाही. १९२६ च्या कायद्यातील यादी पाहण्याच्या हक्काचा जरी कसोशीने अवलंब झाला असता तरी निम्मे काम झाले असते.

असे मतदान ह्या देशात घेता येते हे पुढे दिसून आले. भारतीय अन्न महामंडळाच्या कर्मचारी संघाच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यतेसाठी गुप्त मतदान कसे घ्यावे याची पायरीवार पद्धत घालून दिली. मुख्य श्रम आयुक्तांच्या देखरेखीखाली निवडणूक निर्णय अधिकारी नेमावयाचा, कर्मचाऱ्यांची यादी व्यवस्थापनाकडून घेऊन सूचनाफलकांवर लावावयाची, हरकती ऐकावयाच्या, संघांस चिन्हे द्यावयाची, आणि मग मतदान. भारतीय रेल्वेत २००७, २०१३ आणि २०२४ मध्ये मान्यतेसाठी अशी गुप्त मतदाने झाली. परळ आणि लोअर परळ येथील रेल्वे कारखान्यांतील कामगारही त्यांचे मतदार होते. ज्या वस्तीत गिरणी कामगारास ही संधी कधी मिळाली नाही त्याच वस्तीत ती त्याच्या शेजाऱ्यास मिळाली, कारण त्याचा मालक निराळा व कायदा निराळा.

तरीही ही सर्व मतदाने संघ कोणता हे ठरविण्यासाठी होती. संघाचा पुढारी कोण हे ठरविण्यासाठी नव्हती. त्या बाबतीत महाराष्ट्रात १९६८ च्या दुरुस्तीने एक उपाय दिला होता. पदाधिकारी कोण ह्याविषयी वाद उद्भवल्यास सहा महिने सभासद असलेल्या कोणासही, निबंधकाच्या संमतीने, तो वाद औद्योगिक न्यायालयाकडे नेता येई. उपाय चांगला, पण तो निवडणूक झाल्यानंतरचा. सूचना न मिळालेल्या सभासदाने आपणास सूचना मिळाली नाही हे सिद्ध करावयाचे, आणि तोवर पदाधिकाऱ्याची मुदत बहुधा संपावयाची. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणाऱ्या संघासाठी ५१ टक्क्यांचा निकष आहे, आणि संघांतर्गत निवडणुकीचे वाद न्यायाधिकरणाकडे नेण्याची सोयही आहे. सूचना कोणी काढावी, हा प्रश्न तीतही संघाच्या नियमांवरच सोडलेला आहे.

मुंबईत याच्या शेजारीच एक निराळी व्यवस्था नांदते आहे. बेस्ट उपक्रमातील कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेच्या एकवीस जागांची निवडणूक ऑगस्ट २०२५ मध्ये झाली आणि वृत्तपत्रांनी तिला राजकीय पक्षांच्या बळाची चाचणी म्हणून मोठी प्रसिद्धी दिली. प्रचार व्हावयाचा तेवढा झाला. परंतु सहकारी कायद्याप्रमाणे मतदारयादी आधी प्रसिद्ध करावी लागते, हरकतींसाठी मुदत द्यावी लागते, आणि मतदानाची सूचना काढणारा अधिकारी हा उमेदवारांपैकी कोणी नसतो. तोच बसवाहक आपल्या पतसंस्थेचा संचालक निवडताना शासकीय अधिकाऱ्याची नोटीस वाचतो, आणि आपल्या संघाचा अध्यक्ष निवडताना मावळत्या कार्यकारिणीची.